नजर मजकुरावर

वेब ॲप्लिकेशनच्या पानात वर्डसारखा एडिटर बसवायचा, हे काम मी सोपं समजून अंगावर घेतलं होतं. एडिटर तयार मिळतो. तो आणायचा आणि आपल्या पानात बसवायचा. खिडकीची चौकट सुताराकडून तयार आणावी आणि भिंतीत बसवावी, इतकंच. ज्यांनी घर बांधलंय त्यांना ठाऊक असतं की सुताराची चौकट चांगली असते, गवंड्याची भिंतही चांगली असते, आणि तरी खिडकी लागत नाही. मी घर बांधलेलं नव्हतं.

आमच्या कंपनीत चार माणसं. नांदेडला एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. लग्नसराईत खाली बँड सुरू झाला की वर मीटिंग बंद, आणि पुऱ्या तळल्याचा वास आला की कामही बंद. पुण्याला मोठ्या कंपन्यांत असलेल्या माझ्या मैत्रिणी विचारतात, तिथं तुला शिकायला काय मिळतं? मी मुळातच तापट, त्यामुळे अशा प्रश्नाला गोड उत्तर मला सुचत नाही. इथं सगळंच शिकायला मिळतं, कारण विचारायला कुणी नसतं.

हे काम आमच्याकडे आणलं ते माझ्या आईनं. आई वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. मुख्य ऑफिस लातूरला, शाखा नांदेडला, आणि नांदेडच्या शाखेत मराठी टायपिंगच्या खुर्चीवर गेली एकोणीस वर्षं आई. खरेदीखत, वाटणीपत्र, संमतीपत्र, नोटिसा, जे हातानं लिहून येईल ते टाइप करून द्यायचं. दोन ऑफिसांत एकाच दस्ताच्या इतक्या प्रती फिरायच्या की ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल साहेबांनी बघितलेलं’ यांतलं खरं फायनल कोणतं, ते खुद्द साहेबांना, म्हणजे लातूरच्या मुख्य वकिलांनाही सांगता यायचं नाही. वैतागून ते एकदा नांदेडला आले असताना म्हणाले, ब्राउझर उघडला की दोन्हीकडे एकच दस्त दिसला पाहिजे आणि तिथल्या तिथे टाइप करता आला पाहिजे, असं कुणी करून देईल का? आई सह्यांचे कागद घेऊन आत गेली होती. ती म्हणाली, “माझी पोरगी करते तसलं, साहेब.”

आईनं आयुष्यात स्वतःसाठी कुणाकडे शब्द टाकलेला मला आठवत नाही. माझ्यासाठी टाकला.

काम ठरलं त्या दिवशी साहेब सहज बोलून गेले. आता सगळं ब्राउझरमध्ये येणार, म्हणजे नांदेडचं टायपिंग नांदेडलाच झालं पाहिजे असं काही नाही. लातूरच्या दोन मुली दोन्हीकडचं करतील. बाईंना नवीन जमलं तर आनंदच आहे, महिनाभर बघू. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, त्यामुळे रागही धरता येईना. मी बनवणार होते त्याच ॲपमुळे आईची खुर्ची जाऊ शकत होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती पाठ केली होती. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, “जमंल की. टायपिंगच हाय ना.”

त्या खुर्चीबद्दल थोडं सांगायला हवं. आजी-आजोबा भोकरच्या पलीकडच्या एका खेड्यात दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायचे. दहावीनंतर आई गावाहून भोकरला टायपिंग शिकायला येऊ लागली. शिंप्याच्या दुकानावर एक खोली, त्यात सात मशीन. सर पोरींच्या हातांवर पुठ्ठा धरायचे, कळा दिसू नयेत म्हणून. ‘नजर मजकुरावर’ एवढं एकच वाक्य ते दिवसभर म्हणत असायचे. आई मराठी टायपिंगची तीसच्या वेगाची परीक्षा पास झाली, मग चाळीसची. आजी मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माझी लेक खुर्चीवर बसून कमावते.

ती टाइप करताना बघण्यासारखं असतं. कागद डाव्या हाताला, चष्मा नाकावर, मान जराशी डावीकडे वळलेली, आणि बोटं आपापल्या जागी. कॉम्प्युटर आला तरी तिनं टायपरायटरचाच कळफलक ठेवला. पडद्याकडे ती बघतच नाही. कागद संपला की एकदा वाचून घेते, आणि बहुतेक वेळा दुरुस्त करायला काही नसतं. लहानपणी मी तिच्या ऑफिसात कोपऱ्यात बसून अभ्यास करायचे, तेव्हा तिची ती वळलेली मान आणि कळांचा एकसारखा आवाज मला इतका सवयीचा झाला होता की घरच्या शांततेत पाढे पाठच व्हायचे नाहीत.

इकडे माझी चौकट भिंतीत बसेना. पहिला आठवडा नुसता पांढरा चौकोन. मग वरची बटणं दिसू लागली, पण पान येईना. मग पान आलं, टाइपही झालं, तर सेव्ह होईना. दस्त सांभाळणारा सर्व्हर वेगळा होता, आणि टाइप झालेला मजकूर कुठल्या पत्त्यावर पोचवायचा ते त्याला मी सांगायचं होतं. मी जो पत्ता दिला त्याचा अर्थ होता ‘इथेच, याच मशीनवर’. माझ्या मशीनवर बसून बघितलं तर तो बरोबर. सर्व्हरनं मात्र ‘इथेच’ म्हणजे आपल्याच घरात शोधलं, आणि तिथं कुणीच नव्हतं. चार दिवस मी त्या सर्व्हरला शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी कळलं की तो बिचारा सांगितलेलंच करत होता.

मग छपाईचं दुखणं. पडद्यावर नीट दिसणारी जोडाक्षरं पीडीएफमध्ये फुटायची, कारण सर्व्हरवर मराठी फॉन्टच नव्हता. तो टाकला. ज्या दिवशी लातूरला उघडलेला दस्त नांदेडला तसाच्या तसा दिसला, सेव्ह झाला आणि कागदावरही धड उतरला, त्या दिवशी खाली कुणाच्या तरी हळदीचा डीजे वाजत होता आणि वर मी एकटी नाचले. लपवण्यासारखं त्यात काही नाही. मला माझा अभिमान वाटला. भोकरला टायपिंग शिकलेल्या बाईच्या पोरीनं, कुणी शिकवायला नसताना, हे उभं केलं होतं.

पहिल्या सोमवारी आईनं नव्या ॲपमध्ये एक वाटणीपत्र टाइप केलं. दुपारी नांदेडच्या शाखेतल्या ज्युनियर वकिलांचा मला फोन आला. “मॅडम, बाईंनी दस्त उलटा टाइप केलाय.”

मी उघडून बघितला. सगळ्यात वर साक्षीदार. त्याखाली, वाटणीपत्र राजीखुशीनं लिहून दिलं असे. मग धाकट्या भावाचं शेत, त्याखाली मधल्याचं, त्याखाली थोरल्याचं, आणि तळाशी ‘लिहून देणार’. काही वाक्यं तर अर्ध्यातच तुटलेली. आईनं टायपिंग संपवून मान वर केली तोवर लातूरला साहेबांनीही तो बघितला होता. नांदेडला जे टाइप होईल ते तत्काळ लातूरला दिसावं, ही सोय मीच करून दिली होती.

“हातानं लिहिलेले कागद खालीवर झाले असतील,” संध्याकाळी आई म्हणाली. “न्हाईतर कुठं हात लागला असंल. माझंच चुकलं असंल.”

आणि मी काय केलं? मी तिला समजावलं. “आई, टायपरायटरचे दिवस गेले आता. जरा स्क्रीनकडे बघून टाइप करत जा ना. सगळं जग तसंच करतं.” माझ्या आवाजात खेकसणं होतं, कारण माझ्या ॲपची पहिल्याच दिवशी शोभा झाली होती, आणि ती केली होती माझ्या आईनं. ती बरं म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

नाचता येईना त्याला अंगण वाकडं, असं आपण दुसऱ्याला म्हणतो. आईचं नेमकं उलट. अंगण खरोखर वाकडं असलं तरी ती म्हणणार, मलाच नाचता येत नाही. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांचं असं असतं आणि मला त्याचा राग येतो, पण त्या संध्याकाळी मला तो आला नाही. तिच्या म्हणण्याला मी मान डोलावली, ही गोष्ट मला अजून टोचते.

पुढचे दस्त सरळ आले. पण पूर्वी दिवसाला आठ व्हायचे तिथं आता चार होऊ लागले. दोन आठवड्यांनी लातूरहून निरोप आला, बाईंना शुक्रवारी इकडे पाठवा, समोर बसून बघू आणि काय ते ठरवू. आईनं निरोप ऐकला आणि शुक्रवारची साडी इस्त्रीला दिली.

त्याआधीच्या रविवारी आम्ही विहारातून वंदना करून आलो आणि मी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तिचा वेग का गेला ते मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

तिनं एका जुन्या नोटिशीचा कागद डावीकडे ठेवला, पण मान सरळ ठेवली. नजर पडद्यावर. मग कागदावर. मग पुन्हा पडद्यावर. जी मान मी लहानपणापासून एकाच कोनात वळलेली बघितली होती ती अशी मागे-पुढे होताना बघून मला कसंतरी झालं. थोड्या वेळानं ती थांबली. कळांवरचा हात उचलला, माउस धरला, मजकुराच्या शेवटी क्लिक केलं आणि पुन्हा टाइप करू लागली. परत काही वेळानं तसंच. काही चुकलेलं नव्हतं, तरी ती थांबत होती.

“आई, हे काय करतेस?”

“कर्सर खाली आणून राहिले ना.”

“खाली म्हणजे? तो कुठं जातो?”

“वर जातोय की. पार पहिल्या ओळीच्या आधी. मग त्याला खाली आणावं लागतंय.”

“कधीपासून?”

“पडद्याकडं बघायला लागले तवापासून.”

“मग मला सांगितलं का नाहीस?” माझा आवाज चढला.

“तूच म्हणलीस ना, पडद्याकडं बघत जा म्हणून. मी म्हणलं, याच्यासाठीच बघायचं असंल.”

ती उठली, पर्समधून एक पाठकोरा कागद काढून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. त्यावर पेन्सिलीनं वेळा लिहिलेल्या होत्या, एकाखाली एक. अकरा दोन. अकरा चार. अकरा सहा.

“घड्याळ लावून बघितलं मी,” ती म्हणाली. “दर दोन मिनिटाला जातोय. टाइप केलं न्हाई तर जात न्हाई. केलं की जातोय. आता मी घड्याळावर एक डोळा ठेवते, दोन मिनिट झाले की थांबते. पण त्याच्यानं लई येळ जातोय.”

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाकडून चूक कळते ती ‘चालत नाही’ एवढ्या दोन शब्दांत. कधी होतं, कधी होत नाही, किती वेळानं होतं, असं नेमकं आजवर मला कुणी लिहून दिलं नव्हतं, इंजिनियर लोकांनीही नाही. आणि दोन मिनिटं हा आकडा माझ्या चांगलाच ओळखीचा होता. दर दोन मिनिटांनी मजकूर सेव्ह करायचा, हा नियम मी लिहिला होता. सेव्ह झाला की सर्व्हरवरची ताजी प्रत परत एडिटरमध्ये आणून ओतायची, हेही मीच लिहिलं होतं, दोन्हीकडे एकच दिसावं म्हणून. प्रत नव्यानं ओतली की एडिटरला वाटायचं, पान आत्ताच उघडलंय. कर्सर पहिल्या ओळीच्या आधी जाऊन उभा राहायचा. आईनं पुढच्या दोन मिनिटांत टाइप केलेलं सगळं मागच्या मजकुराच्या डोक्यावर जाऊन बसायचं, आणि असा दस्त शेवटाकडून सुरुवातीकडे रचला जायचा.

आम्हा चौघांना हे दिसलं कसं नाही? आमची नजर पडद्यावर होती म्हणूनच दिसलं नाही. दोन ओळी टाइप करायच्या, थांबायचं, बघायचं, कर्सर हलला असेल तर नकळत परत क्लिक करायचं आणि विसरून जायचं. वकील मंडळी तर एखादा शब्द बदलण्यापुरतीच आत यायची. कागदावरची नजर न काढता पानभर सलग टाइप करणारं माणूस दोन्ही ऑफिसांत मिळून एकच होतं, आणि आमचं ॲप उघडं पडलं ते तिच्याचपुढे. तिचं कसब जुनं झालं म्हणून मी तिला समजावत बसले होते.

मी रडले, सरळ सांगते. “आई, तुझं काहीच चुकलं नव्हतं गं.”

“म्हणजे कागद खालीवर झाले नव्हते?”

“नाही.”

“वाटलंच होतं मला,” ती म्हणाली. “मी कागदाला नंबर टाकत असते.”

सोमवारी ऑफिसात मी पाय आपटतच गेले. आम्हा चौघांतले मोठे भागीदार म्हणाले, सोपं आहे, दोनाची दहा मिनिटं करून टाक. मी म्हटलं, म्हणजे दर दहा मिनिटांनी कर्सर वर जाईल, दुखणं तेच, फक्त उशिरा येईल. खाली बँड वाजत होता, त्यामुळे आम्हा दोघांना ओरडूनच भांडावं लागलं. शेवटी मी ताजी प्रत ओतणाऱ्या ओळी खोडून टाकल्या. आता जो टाइप करतोय त्याच्या पानाला कुणी हात लावायचा नाही. ताजी प्रत जाईल ती दुसरीकडे बघत बसलेल्याला. मग मी पडदा झाकून पंधरा मिनिटं टाइप करत बसले. माझं टायपिंग भिकार आहे, पण मजकूर वरून खाली आला.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही दोघी लातूरला निघालो. डब्यात भाकरी आणि वांग्याचं भरीत. अहमदपूर गेलं तरी आईची बोटं मांडीवरच्या पिशवीवर हलत होती. मी तिला एवढंच सांगितलं, “आज पडद्याकडे बघू नकोस.”

लातूरच्या ऑफिसात त्या दोन मुलींनी आईला पाणी दिलं, खुर्ची पुढे ओढून दिली. वाईट नव्हत्या पोरी. साहेबांनी चार पानी हस्तलिखित आईच्या हातात ठेवलं आणि समोर बसले. आईनं कागद डावीकडे लावला, चष्मा नीट केला आणि मान वळवली. पुढचं सगळं मी मागे उभी राहून बघितलं. दोन मिनिटं झाली. कोपऱ्यात ‘सेव्ह झालं’ अशी बारीक अक्षरं उमटली. कर्सर होता तिथंच राहिला आणि पुढे धावला. चार मिनिटं. सहा. तिनं एकदाही वर बघितलं नाही. मशीनवरच्या पोरींनी आपलं काम थांबवलं होतं आणि त्या आईच्या बोटांकडे बघत होत्या. ऑफिसभर फक्त कळांचा आवाज. ती माझी आई आहे, हे मला तिथं प्रत्येकाच्या कानात जाऊन सांगावंसं वाटत होतं.

दस्त छापून आला. साहेबांनी चारही पानं वाचली. पेन हातात होतं, पण कुठंच टेकलं नाही.

“वा, बाई,” ते म्हणाले. मग मोठ्या मनानं म्हणाले, “त्या दिवशी कागद खालीवर झाले असतील तुमचे. होतं असं कधीकधी.”

मी बोलायला तोंड उघडलं. त्याआधी आई बोलली.

“न्हाई साहेब. कागद बरोबर होते. ॲपच चुकत होतं. दर दोन मिनिटाला कर्सर वर जात होता.” तिनं माझ्याकडे हात केला. “हिनं केलंय ते. चूक हिची होती. मी काढली, मग हिनं दुरुस्त केली.”

सगळं ऑफिस माझ्याकडे बघू लागलं. चारचौघांत चूक कबूल करताना मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

“हो सर,” मी म्हटलं. “चूक माझी होती.”

साहेबांनी हातातलं पेन खिशाला लावलं. मग त्या दोन मुलींना म्हणाले, “यापुढे ॲपमध्ये काही नवीन आलं की आधी नांदेडला बाईंकडे पाठवायचं. त्यांनी बरोबर म्हटलं की मगच आपण वापरायचं.”

आईनं कागद टेबलावर ठोकून सरळ केले आणि विचारलं, “अजून काही हाय का साहेब टाइप करायला? आमची बस चारची हाय.”